मत्स्यजिऱ्याचा पहिला घास

पावसाळा स्थिरावला की मत्स्यबीज केंद्रांतून प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या तलावांकडे रवाना होऊ लागतात. पिशवीतील पाण्यात हजारो इवले जीव हालत असतात. दिसायला ते जिऱ्याच्या दाण्यासारखे, म्हणून त्यांना मत्स्यजिरे असे नाव पडले. खरेदी करणारी संस्था नगावर पैसे मोजते, जिरे तलावात सोडले जाते आणि काही महिन्यांनी जाळे टाकल्यावर हाती फारसे लागत नाही. मग बीजच निकृष्ट होते, असा निष्कर्ष काढला जातो. पुष्कळदा तो अन्यायाचा असतो. ते जिरे पहिल्या आठवड्यातच उपासमारीने किंवा शत्रूच्या तोंडी पडून संपलेले असते.

कटला, रोहू व मृगळ हे आपल्या तलावांतील प्रमुख मासे. वाहत्या नदीत पुराच्या वेळी अंडी घालण्याचा त्यांचा स्वभाव असल्याने बंदिस्त पाण्यात त्यांची वीण होत नसे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, आणि नदीतून बीज गोळा करण्याची पराधीनता संपली. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. मादीच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे लाखाहून अधिक अंडी मिळतात, तेव्हा संख्येची अडचण राहिलेली नाही. अडचण आहे ती पुढच्या संगोपनाची.

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाच्या पोटाशी पीतक पिशवी असते. सुमारे तीन दिवस ते त्या शिदोरीवर जगते. शिदोरी संपते तेव्हा त्याची लांबी जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर असते आणि तोंड इतके लहान की पेंडीचा सामान्य कणही त्यात मावत नाही. या घडीला त्याला हवे असते ते तोंडात मावेल एवढे, हालचाल करणारे व सहज पचणारे अन्न. हे अन्न म्हणजे प्लवंग.

पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या, स्वतःच्या बळावर प्रवाहाविरुद्ध जाऊ न शकणाऱ्या सूक्ष्म जीवांना प्लवंग किंवा प्लवक म्हणतात. सूर्यप्रकाशात अन्न तयार करणारी सूक्ष्म शैवाले ही वनस्पती प्लवंगे. ती खाऊन जगणारे रोटिफर, डॅफ्निया, मोइना, कोपेपोड हे प्राणी प्लवंग. मराठवाड्यातील जुन्या आरोग्य कर्मचाऱ्यांना यांपैकी एक जीव चांगलाच परिचित असेल. पायऱ्यांच्या विहिरींतून नारूचा रोग पसरविणारा सायक्लॉप्स हा कोपेपोडच होय. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला; सायक्लॉप्स मात्र पाण्यात आहेच. मोठ्या माशाला तो उत्तम खाद्य, पण तीन दिवसांच्या जिऱ्यावर तो स्वतःच हल्ला करतो. तेव्हा प्लवंग विपुल असणे पुरेसे नाही. योग्य आकाराचे प्लवंग योग्य दिवशी हजर असले पाहिजे.

मत्स्यालयाची साक्ष

हा नियम सर्वांत स्पष्ट दिसतो तो खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात. मुंबईच्या चर्नी रोडजवळ १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय शाळांच्या सहलींमुळे राज्यातील अनेक पिढ्यांच्या परिचयाचे झाले. काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी भरता येते, पण समुद्रातील प्लवंगांचा अखंड पुरवठा टाकीत आणता येत नाही. तो हाताने करावा लागतो. त्यासाठी जगभर आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील कोळंबीवर्गीय जीवाचा उपयोग होतो. त्याची वाळलेली अंडी वर्षानुवर्षे टिकतात आणि हवेशीर खाऱ्या पाण्यात सुमारे २४ तासांत फुटून अर्ध्या मिलिमीटरहून लहान पिले बाहेर येतात. ती ताजी असतानाच खाऊ घालावी लागतात, कारण त्यांच्याही पोटातील शिदोरी लवकर संपते व पोषणमूल्य घटते. ज्या माशांच्या पिलांचे तोंड याहूनही लहान असते, त्यांना आधी रोटिफर द्यावे लागतात. समुद्रघोडा तर निर्जीव खाद्याकडे बहुधा ढुंकूनही पाहत नाही. सवय लावावी तेव्हा कोठे तो ते घेतो.

प्रवाळांचे खाणे आणखी निराळे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात व विजयदुर्गपासून दूर समुद्रातील आंग्रिया बँकेवर आढळणारे हे जीव दगडासारखे दिसत असले तरी प्राणी आहेत. त्यांच्या शरीरात वास करणारी शैवाले दिवसा त्यांना अन्न पुरवितात. रात्री प्रवाळ आपले स्पर्शक पसरून प्लवंग पकडतात. म्हणून टाकीतील दिवे मंदावल्यावर, पाण्याचा पंप थोडा वेळ थांबवून त्यांना प्लवंग देणे हितावह ठरते. खाद्य अधिक पडले तर ते कुजते, अमोनिया वाढतो आणि उपासमारीऐवजी विषबाधेने टाकी रिकामी होते. हौशी मत्स्यपालकांचे सर्वाधिक नुकसान या अतिखाद्यानेच होत असावे.

तलावाची तयारी

काचेच्या टाकीत चमच्याने जे साधते, ते गावच्या तलावात शेणाने साधावे लागते. मत्स्यजिरे मोठ्या तलावात थेट सोडू नये. लहान, उथळ संवर्धन तलावात ते दोन-तीन आठवडे वाढवावे. मराठवाड्यातील पुष्कळ तलाव उन्हाळ्यात आटतात. ही एरवीची आपत्ती येथे उपयोगी पडते, कारण तळ उन्हात तापला की मरळ, चिलापी यांसारखे उपद्रवी मासे उरत नाहीत. तळाला चुना देऊन पाणी आल्यावर जिरे सोडण्याच्या सुमारे १५ दिवस आधी हेक्टरी १० टन, म्हणजे गुंठ्याला सुमारे १०० किलो ताजे शेण घालावे. पाणी आटलेले नसेल आणि उपद्रवी मासे मारण्यासाठी हेक्टरी २,५०० किलो मोहाची पेंड वापरली असेल, तर तीच पुढे खत होते व शेण निम्मे पुरते. मात्र पेंडीचे विष उतरण्यास सुमारे तीन आठवडे द्यावे लागतात. शेणातील पोषकद्रव्यांवर प्रथम शैवाले वाढतात, मागोमाग रोटिफर येतात आणि नंतर डॅफ्निया, मोइना व कोपेपोड. जिरे आणण्याची तारीख या क्रमाशी जुळवली पाहिजे. व्यवहारात नेमके उलट घडते. बीज कधी मिळते ते आधी ठरते आणि तलावाची आठवण पिशव्या दारात आल्यावर होते.

तयारी झाली की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. तलावाच्या निरनिराळ्या भागांतून घेतलेले ५० लिटर पाणी बारीक रेशमी जाळीतून गाळावे, जाळीत उरलेला अंश अंशांकित नळीत घेऊन चिमूटभर मीठ टाकावे. थोड्या वेळाने प्लवंग तळाशी बसते. तो थर १ ते २ मिलिलिटर भरला व रंगाने तपकिरी असला तर प्राणी प्लवंग पुरेसे आहेत. हिरवा थर शैवालांचा. पाणी गडद हिरवे झाले असेल तर खत तत्काळ थांबवावे. अशा पाण्यात ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे प्राणवायू संपतो व मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. हर्सूल तलावासारख्या जवळच्या पाण्याचा एक थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर यांतील बहुतेक जीव विद्यार्थ्यांनाही दाखविता येतील.

शेणाबरोबर पाणकिडेही वाढतात व जिऱ्याचा फडशा पाडतात. जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी, वारा नसताना, हेक्टरी ५६ किलो खाद्यतेल व १८ किलो स्वस्त साबण यांचे मिश्रण पाण्यावर पसरले की श्वासासाठी वर येणारे किडे गुदमरून मरतात. भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग दळून पूरक खाद्य द्यावे, परंतु पहिल्या दिवसांत ते प्लवंगाची जागा घेऊ शकत नाही.

पैठणच्या नाथसागराकडे पाहिले म्हणजे हा विचार आणखी पटतो. १९६५ साली पायाभरणी होऊन १९७६ साली राष्ट्रार्पण झालेल्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरलेला, पण विस्ताराच्या मानाने उथळ आहे. साठ्याला क्षेत्रफळाने भागले तर सरासरी खोली ८ मीटरच्या आसपास येते. एवढ्या विस्ताराला पेंड कोण घालणार? तेथील कटला कल्ल्यांच्या बारीक कंगव्याने आयुष्यभर प्राणी प्लवंगच गाळून खातो. हिवाळ्यात येणारे रोहित पक्षीही त्याच पाण्यातील सूक्ष्म जीवांवर चोच चालवितात. अशा जलाशयात जिरे सोडणे म्हणजे ते इतर माशांना चारणे होय. तेथे सुमारे १०० मिलिमीटर लांबीची मत्स्यबोटुकलीच सोडावयास हवी, आणि जिऱ्यापासून ती तयार होण्यास साधारण तीन महिने लागतात. जुलैत मिळालेले जिरे ऑक्टोबरात बोटुकली व्हावयाचे, तर संवर्धन तलावात शेण जूनअखेरीस पडलेले असले पाहिजे.