आठवड्याची सुई आणि आपले घर

शुगरच्या गोळ्या आपल्या घरांना नव्या नाहीत, इन्सुलिनही नाही. पण २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि डिसेंबरमध्ये ओझेम्पिक भारतात आले, तेव्हापासून आपल्या शहरात रोशन गेटपासून सिडकोपर्यंत आठवड्यातून एकदा घ्यायच्या सुईची चर्चा आहे. आम्ही शिक्षक, औषध लिहून देणे आमचे काम नाही. पण लिहून दिलेले औषध घरात नीट वापरले जाते का, हे पाहणे आपल्या सर्वांचेच काम आहे.

ही सुई म्हणजे इन्सुलिन नव्हे. ती शरीराला गरजेनुसार स्वतःचे इन्सुलिन सोडायला लावते आणि भूक कमी करते. म्हणून चालू इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये.

डोस पायरीपायरीने वाढतो. मौंजारो ४ आठवडे २.५ मिलिग्रॅम, मग ५. ओझेम्पिक ४ आठवडे ०.२५, मग ०.५. पहिला डोस शरीराला सवय लागावी म्हणून असतो. "असर दिसत नाही" म्हणून तो दुप्पट करू नये. सुरुवातीला मळमळ, उलटी, जुलाब होऊ शकतात. थोडे थोडे खावे, वलीम्यातला नान-कलिया जपूनच. पोटात असह्य कळ येऊन पाठीकडे गेली तर लगेच दवाखाना गाठावा.

वार एकच ठेवावा. जुमा ठरवला तर विसरायला होत नाही. विसरलेच, तर मौंजारो ४ दिवसांच्या आत, ओझेम्पिक ५ दिवसांच्या आत घ्यावे. त्यानंतर तो डोस सोडून द्यावा. दोन डोस एकदम कधीच नाहीत. पोट किंवा मांडीवर दर वेळी जागा बदलावी. औषध फ्रिजमध्ये ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नाही. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत तर मुळीच नाही.

खर्च मोठा, म्हणून एकाच पेनमधून अम्मी आणि खाला दोघींनी घ्यायचे, हा विचार जीवघेणा आहे. सुई बदलली तरी पेनमध्ये रक्ताचा अंश राहू शकतो आणि त्यातून कावीळ बी, सी किंवा एचआयव्ही पसरू शकतो. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. यात लाज कसली? मेटफॉर्मिनसारख्या स्वस्त गोळ्या आजही उपयोगी आहेत आणि घाटी रुग्णालयातही शुगरचे उपचार होतात.

रमजानचे काय? पोषण न देणाऱ्या सुईने रोजा मोडत नाही, असे बहुतेक आलिम सांगतात. मनाला खटकत असेल तर इफ्तारनंतर घ्यावी. मात्र नवा किंवा वाढीव डोस रमजानमध्ये सुरू करू नये. उलट्या झाल्या आणि पाणीही नाही, तर मूत्रपिंडावर ताण येतो. सोबत ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर आधीच डॉक्टरांना भेटावे. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. आजाऱ्याला ही सवलत खुद्द कुरआनने दिली आहे.

फ्रिजवर एक कागद लावा : तारीख, डोस, जागा. आठवीतले मूलही तो भरू शकते, आणि डॉक्टरांपुढे ठेवायला तोच हिशेब कामी येतो.