शरदातले चाळीस फोटो

आपल्या घरातला फोटोंचा अल्बम काढा, नाही तर मोबाईल उघडा. निकाहचे फोटो सापडतील, ईदच्या नव्या कपड्यांतले सापडतील, उमराहला निघालेल्या नातेवाइकांच्या गळ्यातल्या हारांसकट सापडतील. आता त्यात अम्मींचा भाकरी थापतानाचा फोटो शोधा. अब्बा ज्या खाटेवर बसून रोज चहा घेत, तिचा शोधा. ज्या उंबऱ्यावर बसून आपण अभ्यास केला, त्याचा शोधा. बहुतेक घरांत तो मिळणार नाही. आमच्या घरातही मिळाला नाही, आणि ते आमच्या लक्षात आलं नानींमुळे.

नानी आमच्याकडे नळदुर्गला राहतात. त्यांचं घर होतं सास्तूरच्या बाजूच्या एका गावात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा त्या उकाड्यामुळे अंगणात झोपल्या होत्या, म्हणून वाचल्या. नानाजान आणि पाचवीत शिकणारी आमची खाला घरात होती. आमच्या अम्मींचं लग्न आदल्याच वर्षी होऊन त्या नळदुर्गला आल्या होत्या. त्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावं नुकतीच झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी इकडची घरं. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं.

नानींच्या जुन्या घरातली एकच तसबीर आज आमच्याकडे आहे. अम्मींच्या लग्नातली. तीत पाहुणे आहेत, मंडप आहे, घर नाही. खालाही नाही, ती कुठे तरी मुलांत खेळत असणार. गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, आमच्या मुलीने नानींना सहज विचारलं, “खालाजान कशा दिसायच्या?” मुलगीही पाचवीतच आहे. नानी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तेरे सरीकीच,” आणि उठून वजू करायला गेल्या.

त्या रात्री आम्ही ठरवलं. ३० सप्टेंबरपासून चाळीस दिवस रोज एक फोटो काढायचा. सणाचा नाही, समारंभाचा नाही. रोजच्या जगण्याचा.

पहिले काही दिवस

पहिला फोटो पहाटेचा. दर ३० सप्टेंबरला नानी फजरच्या कितीतरी आधी जाग्या असतात. त्यांच्या चहाचा कप आणि शेजारी ठेवलेली तसबीह, एवढंच त्या फोटोत आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही चुलीकडे वळलो. गॅस आला तरी भाकरी आमच्याकडे परसातल्या चुलीवरच होते. नानी हसू लागल्या, “अगे, चुल्हे का कायकू फोटो निकालरे?” तिसऱ्या दिवशी दसरा होता. शेजारच्या काकू आपट्याची पानं घेऊन आल्या. फोटो घेतला तो दोन हातांचा, एक देणारा, एक घेणारा.

नळदुर्गच्या किल्ल्याचे फोटो काढणारे कमी नाहीत. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहायला पावसाळ्यात लांबून माणसं येतात. नर-मादी धबधबे सुरू झाले की प्रत्येक हातात मोबाईल असतो. पण किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या गल्लीत पहाटे नळाला पाणी आल्यावर जी लगबग होते, ती कुणी टिपलेली नाही. चौथा फोटो त्या लगबगीचा: रांगेत ठेवलेल्या घागरी, त्यात एक फुटक्या कानाची.

आश्विन पौर्णिमेच्या आसपास तुळजापूरला चालत जाणाऱ्या भाविकांची वर्दळ आमच्या रस्त्याने असते. गल्लीतली पोरं दरवर्षी पाण्याचे माठ मांडतात. त्या दिवशीच्या फोटोत फक्त धुळीने माखलेली पावलं आणि बाजूला ठेवलेला स्टीलचा पेला आहे.

मात्र तो शरद सुखाचा नव्हता. सप्टेंबरअखेरच्या अतिवृष्टीने मराठवाड्याची दैना केली होती. आपल्या जिल्ह्यात परंडा आणि भूम तालुक्यांत गावंच्या गावं पाण्याने वेढली गेली. आमच्या मामूंचं सोयाबीनही पाण्यात उभं होतं. पाणी ओसरल्यावर जे काढलं, ते काळं पडलेलं, काही शेंगांतून कोंब फुटलेले. आम्ही मोबाईल काढला तेव्हा मामू म्हणाले, “माझा चेहरा नको. हात घ्या.” त्यांच्या तळहातावरचे ते डागाळलेले दाणे हा आमचा अकरावा फोटो. पंचनाम्यात हेक्टर आणि टक्के येतात. मामूंच्या घरी त्या वर्षी मुलीच्या लग्नाची तारीख पुढे गेली, ते आम्ही फोटोच्या मागे लिहून ठेवलं.

विचारल्याशिवाय नाही

नवव्या दिवशी आमच्याकडून चूक झाली होती, तीही सांगायला हवी. नववीत शिकणाऱ्या आमच्या पुतण्याने गच्चीवरून समोरच्या गच्चीचा फोटो घेतला. वाळत घातलेले रंगीत कपडे आणि मागे निळं आभाळ, फोटो सुरेख होता. पण कोपऱ्यात शेजारच्या भाभी उघड्या डोक्याने केस वाळवत उभ्या होत्या. पुतण्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत भाभींच्या कानावर गेला. त्यांचं म्हणणं रास्त होतं. आम्ही त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, त्यांच्यासमोर फोटो पुसला, ग्रुपवरूनही काढायला लावला.

दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्या आणि सलाम करा, ही शिकवण सूरह नूरच्या सत्ताविसाव्या आयतीत आहे. पाय ठेवण्याआधी विचारायचं हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. मोबाईलचा कॅमेराही दुसऱ्याच्या घरात शिरतोच, हे मात्र आम्ही त्या दिवशी शिकलो. मग घरात नियम झाले. माणूस फोटोत येणार असेल तर आधी विचारायचं. लहान मुलांच्या बाबतीत त्यांच्या आईला विचारायचं. कुणी रडत असेल, आजारी असेल, तर मोबाईल खिशातच. आणि चाळीसपैकी एकही फोटो स्टेटसला लावायचा नाही. हे फोटो घरासाठी आहेत.

फोटोबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत आणि प्रत्येक घर आपापल्या समजुतीप्रमाणे वागतं. पण रोजचं जगणं टिपायला चेहरा लागतोच असं नाही. आमच्या चाळीस जागांपैकी पंचवीस फोटोंत एकही चेहरा नाही. हात आहेत, भांडी आहेत, चपला आहेत, रिकामी खाट आहे. नानींना सर्वांत आवडले ते हेच.

पडदा आणि फोटो हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. आपला जिल्हा निजामांच्या हैदराबाद राज्यात होता, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला. तिथे पडदानशीन स्त्रियांचे फोटो एक इंग्रज बाई काढत असत. पुरुषांना आत मज्जाव होता. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही लोकांनी स्त्रियांना फोटोतून वगळलं नाही, त्यांच्या सोयीने वाट काढली. आज तर घरातल्या मुलीच्या हातातच कॅमेरा आहे. आमच्या उपक्रमात म्हणूनच स्वयंपाकघरातले फोटो अम्मींनी आणि मुलीने काढले.

हे करणारे आपण पहिले नाही

न्यूयॉर्कमध्ये जेमी लिव्हिंगस्टन नावाचे एक छायाचित्रकार होते. ३१ मार्च १९७९ पासून त्यांनी रोज एकच पोलरॉइड फोटो काढायला सुरुवात केली. मित्र, जेवणाचं टेबल, रस्ता, जे समोर असेल ते. आजारपणातही ते थांबले नाहीत. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या एक्केचाळिसाव्या वाढदिवशी, त्यांचं निधन झालं, तोवर सहा हजारांहून अधिक फोटो जमले होते. त्यांतला एकेक फोटो पाहिला तर साधाच वाटतो. ओळीने पाहिले की एका माणसाचं आयुष्य दिसतं.

आपल्याकडे ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये ‘पारी’ हे ग्रामीण भारताचं संग्रहालय इंटरनेटवर सुरू केलं. सामान्य माणसांचं रोजचं जगणं नोंदवणं हाच त्याचा हेतू. तिथे विणकर आहेत, ऊसतोड कामगार आहेत, मेंढपाळ आहेत, आणि बरंचसं मराठीतही वाचता येतं. पण आपल्या घराची नोंद घ्यायला बाहेरून कुणी येणार नाही. ते काम घरच्यांचंच.

तुम्हाला करायचं असेल तर

शरद ऋतू यासाठी फार सोयीचा. पावसाने हवेतली धूळ धुऊन काढलेली असते, आभाळ स्वच्छ असतं, लांबचं डोंगर-शिवार स्पष्ट दिसतं. ऑक्टोबरच्या मध्याला आपल्याकडे सूर्य साधारण सव्वासहाला उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर ऊन तिरपं, मऊ असतं. दुपारच्या उन्हात चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. घरात काढायचा असेल तर फ्लॅश बंद ठेवा आणि दाराजवळ, खिडकीजवळ काढा.

दिवसाला एकच फोटो ठेवा. दहा काढलेत तर संध्याकाळी सर्वांनी बसून एक निवडा, बाकीचे पुसा. ही निवड करतानाच आमच्या घरात सर्वांत जास्त गप्पा झाल्या. एखादा दिवस चुकला तर चुकू द्या. १६ ऑक्टोबरला आम्ही सगळे एका मय्यतीला गेलो होतो, फोटो राहिला. अल्बममध्ये ती जागा कोरी आहे आणि खाली कारण लिहिलं आहे.

मोबाईल हरवतो, पाण्यात पडतो, बिघडतो. व्हॉट्सॲपवरून साधेपणाने पाठवलेला फोटो लहान होतो, त्याचा बारकावा जातो. म्हणून मूळ फोटो पेन ड्राइव्हवर किंवा संगणकावर उतरवून दुसऱ्या नातेवाइकाच्या घरीही एक प्रत ठेवा. एकाच छपराखाली सगळं ठेवू नये, हे आमच्या जिल्ह्याला कुणी वेगळं सांगायला नको. स्टुडिओतून छापून घ्या. मागे तारीख, जागा आणि एक ओळ लिहा. चिकट पानांचे अल्बम टाळा. काही वर्षांत फोटो त्या पानाला असा धरतो की काढताना फाटतो.

नानींचं घर

चाळीसावा दिवस ८ नोव्हेंबर. छापून आणलेले फोटो आम्ही नानींसमोर चटईवर मांडले. शेजारच्या काकूंनी दिवाळीत पाठवलेलं फराळाचं ताट आणि ते रिकामं परत जाऊ नये म्हणून आम्ही त्यात भरलेली सीताफळं. उशिरा पेरलेल्या ज्वारीसाठी निघालेली तिफण. फुलावर आलेली तूर. पुतण्याचे बूट. नानी एकेक उचलून डोळ्यांजवळ नेत होत्या. चुलीच्या फोटोवर थांबल्या. म्हणाल्या, “हमारे घर को रांजण उजवे हात को था. और उसके उप्पर कोनाडा.”

मुलीने वही घेतली. नानी सांगत गेल्या, ती काढत गेली. सोपा इथे, न्हाणी तिथे, उतरंड या भिंतीला, कणगी त्या कोपऱ्यात. खुंटीवर नानाजानचा पटका. उंबऱ्याच्या डाव्या बाजूला एक दगड जरा वर आलेला, त्यावर खाला बसून पाढे म्हणायची, आणि सतराच्या पाढ्याला नेहमी अडायची. बत्तीस वर्षांत हे नानींनी कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

भूकंपानंतर बावन्न गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं. सरळ रस्ते, ओळीत घरं. नानींचं गावही त्यात गेलं. जुन्या जागेवर आता बाभळी आहेत. तिथे कुठलं घर कुठे होतं हे सांगू शकणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

वहीतल्या त्या नकाशाचा फोटो काढून आम्ही चाळीसाव्या जागी लावला. मागे मुलीच्या अक्षरात तारीख आहे आणि एक ओळ: “नानींचं घर. पाढे म्हणायचा दगड डावीकडे.”

या शरदात पुन्हा सुरुवात करायचा इरादा आहे, इन्शाअल्लाह. तुमच्या घरात कुणी बुजुर्ग असतील तर तुम्हीही करा. पहिला फोटो कशाचा घ्यायचा, ते त्यांनाच विचारा.