जुन्या पाइपांची जन्मपत्रिका

जुने ब्रायरचे पाइप जमविण्याचा छंद विलायतेंत आहे, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. ब्रायर म्हणजे भूमध्यसमुद्राकांठच्या एका झुडुपाच्या मुळाशीं वाढणारी गांठ. ती विस्तवास सहसा दाद देत नाहीं. परंतु पाइपाची पत्रिका असते ती त्यावरील बारीक ठशांत. १८१२ पासूनच्या बार्लिंग पेढीच्या पाइपास चांदीचें कडें असलें, तर त्यावरील सिंह चांदीचा कस सांगतो, बिबट्याचें मुख लंडनची पारख सांगतें आणि एक अक्षर वर्ष सांगतें. डनहिलच्या पुष्कळ पाइपांवर ‘इंग्लंड’ शब्दापुढील इवलासा आंकडा तेंच काम करितो. लांकडावरील हे ठसे फारच उथळ! विक्रेत्यानें यंत्रावर घासून पाइप चकचकीत केला, कीं पत्रिका पुसली. असा पाइप आम्ही फुकटहि घेणार नाहीं. काजळलेला, पण ठसा शाबूत असलेला मात्र आनंदानें घेऊं.