ड्रायव्हरची पत्रिका कोण जुळवतं?

‘लिनक्स अपडेट केलं, मशीन पुन्हा सुरू केलं आणि स्क्रीन काळाच. असं का होतं?’ हा प्रश्न वाचकांकडून अधूनमधून येतोच. विचारणाऱ्याकडे बहुधा एनव्हिडियाचं कार्ड असतं आणि गुन्हेगार कोण, हेही त्याने मनाशी ठरवलेलं असतं. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे बघून याच कंपनीला मधलं बोट दाखवलं होतं. ती क्लिप आजही फिरते. करमणूक छान होते, पण काळ्या स्क्रीनचं कारण तिच्यात सापडत नाही.

मुळात ‘ग्राफिक्स ड्रायव्हर’ ही एक वस्तू नाही. त्याचा एक तुकडा कर्नलमध्ये असतो, दुसरा एक्स या डिस्प्ले सर्व्हरमध्ये आणि तिसरा ओपनजीएलच्या लायब्ररीत. तिघांचे लेखक वेगळे आणि नव्या आवृत्त्यांच्या तारखाही वेगळ्या. ते एकमेकांशी जमतील असं बघणं हे डेबियन, फेडोरासारख्या डिस्ट्रोमधल्या पॅकेजरचं काम. त्याची क्लिप कोणी काढत नाही.

त्यातली एक युक्ती मला फार आवडते. एक्स सर्व्हर आणि त्याचे व्हिडिओ ड्रायव्हर यांच्यातल्या बोलण्याच्या रीतीला एक क्रमांक असतो : सर्व्हर १.२० साठी २४, २१.१ साठी २५. चोवीसचा ड्रायव्हर पंचविसाच्या सर्व्हरपुढे गेला, की सर्व्हर लॉगमध्ये तक्रार लिहून त्याला परत पाठवतो. डेबियनवाल्यांनी हा क्रमांक थेट पॅकेजच्या माहितीतच घातला. सर्व्हरचं पॅकेज जाहीर करतं, ‘माझ्याकडे एक्सऑर्ग-व्हिडिओ-एबीआय-२५ आहे’. ड्रायव्हरचं पॅकेज म्हणतं, ‘मला तेच हवं’. या नावाचं खरं पॅकेज कुठेच नसतं, नुसतं नाव. पण तेवढ्यावर पॅकेज बसवणारं एपीटी न जुळणारी जोडी आधीच अडवतं. पत्रिका जुळत नसेल तर बोलणी घरातच मोडतात, मांडवात शोभा होत नाही. (सर्व्हरला ‘इग्नोर-एबीआय’ असाही पर्याय आहे, म्हणजे पत्रिका न बघता बोहल्यावर. त्या वाटेला जाऊ नका.)

पूर्वी हे इतकं सुटसुटीत नव्हतं. एक्सचा सगळा सोर्स एकाच अवाढव्य गठ्ठ्यात असे. एका ड्रायव्हरमधली एक ओळ बदलली तरी अख्खा गठ्ठा पुन्हा बिल्ड करायचा. आणि २००५ च्या ‘सार्ज’ आवृत्तीत डेबियन ११ प्रकारच्या प्रोसेसरांवर चालत होतं! ब्रँडन रॉबिन्सन या गृहस्थांनी डेबियनसाठी वर्षानुवर्षं हा भार वाहिला. त्यात २००४ मध्ये, तेव्हा एक्स बनवणाऱ्या एक्सफ्री८६ प्रकल्पाने ४.४ आवृत्तीचा परवाना बदलला. अनेक डिस्ट्रोंनी तो नाकारला, सार्ज ४.३ वरच थांबलं आणि लोक एक्स.ऑर्गकडे वळले. डिसेंबर २००५ मध्ये एक्स.ऑर्ग ७.० आलं ते तुकडे पाडूनच. आता प्रत्येक ड्रायव्हर स्वतंत्रपणे बिल्ड करता येऊ लागला. रॉबिन्सन त्याच वर्षी डेबियनचे प्रकल्पप्रमुख झाले, तरी त्या वर्तुळाबाहेर त्यांचं नाव कोणाला माहीत आहे?

लायब्ररीचं भांडण त्याहून गमतीदार. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये फावल्या वेळात सुरू केलेली मुक्त ‘मेसा’ आणि एनव्हिडियाची बंदिस्त लायब्ररी, दोघींच्या फाइलचं नाव एकच. कंपनीचा इन्स्टॉलर मेसाची फाइल हटवून तिथे आपली ठेवायचा. पुढच्या अपडेटला मेसा आपली जागा परत घ्यायची. डेबियनने दोघींना वेगवेगळ्या डिरेक्टरीत बसवून सिमलिंकने वेळ निभावली. कायमचा तोडगा, जीएलव्हीएनडी, पुढे काढला तो एनव्हिडियाच्याच इंजिनिअरांनी. बोट दाखवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

मे २०२२ मध्ये ‘एनव्हिडिया ओपन सोर्स’ अशा बातम्या झळकल्या. खुला झाला तो फक्त कर्नलमधला तुकडा. ओपनजीएल बंदच राहिलं आणि बरंच काम कार्डावरच्या बंदिस्त फर्मवेअरमध्ये गेलं. ‘एक्सच्या जागी वेलँड आलं, आता ड्रायव्हरची कटकट संपली’ हेही अर्धसत्य. एक्सचा तुकडा गळतो, उरलेले दोन तिथेच असतात.

वाचकांच्या स्क्रीनला बहुतेक वेळा काळं करतो तो कर्नलचाच तुकडा. नवं कर्नल आलं की एनव्हिडियाचं मॉड्यूल पुन्हा कम्पाइल करावं लागतं. डेलच्या इंजिनिअरांनी २००३ मध्ये आणलेलं डीकेएमएस ते तुमच्याच मशीनवर गुपचूप करतं. मात्र त्या कर्नलचे हेडर नसतील तर ते करणार कशाच्या जोरावर? सिक्युअर बूट चालू असेल आणि मॉड्यूलवर सही नसेल, तर तयार मॉड्यूलही लोड होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबून टेक्स्ट कन्सोल उघडा आणि ‘डीकेएमएस स्टेटस’ ही कमांड द्या. चालू कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसत नसेल तर त्याच आवृत्तीचे हेडर टाका. डीकेएमएस उरलेलं बघेल. कंपनीच्या साइटवरचा इन्स्टॉलर मात्र डाउनलोड करू नका. तो पॅकेजरला न विचारता फायली टाकतो, आणि पुढचं अपडेट त्यावर अडतं.