बर्फाच्या नदीपुढे जहाज

आपली नदी पाण्याची असते. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात बर्फाच्या नद्या आहेत. त्यांना हिमनदी म्हणतात. तिथं डोंगरावर इतका बर्फ पडतो, की उन्हाळ्यातही सगळा वितळत नाही. वरच्या थरांच्या वजनाने खालचा थर दाबला जातो. त्यातली हवा निघून जाते आणि घट्ट बर्फ होतो. मग तो उताराने खाली सरकतो. नुसत्या डोळ्यांना कळत नाही, पण सरकतो.

तिथे ग्लेशियर बे नावाची खाडी आहे. उन्हाळ्यात मोठी प्रवासी जहाजे ती बघायला येतात. दिवसाला दोनच मोठी जहाजे आत सोडतात. सकाळी लहान बोटीतून उद्यानाचे रक्षक येतात आणि चालत्या जहाजावर शिडीने चढतात. (मला हेच काम सर्वांत आवडले.) ते दिवसभर कर्ण्यावरून माहिती सांगतात.

आता गंमत ऐका. १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हर यांचे खलाशी इथे आले, तेव्हा आत जायला वाटच नव्हती. तोंडापासून थोड्याच अंतरावर बर्फाची भिंत होती. १९१६ सालापर्यंत तो बर्फ सुमारे १०० किलोमीटर मागे गेला. म्हणजे जहाज अर्धा दिवस ज्या पाण्यातून जाते, तिथे पूर्वी बर्फच बर्फ होता!

मग मार्जरी हिमनदी येते. ती ३४ किलोमीटर लांब आहे. तिचा कडा पाण्यावर सुमारे २५० फूट उंच. गुरुजी म्हणाले, पंचवीस मजले समजा. आमच्या गावात सर्वांत उंच घर दोन मजली, म्हणून मी मनातल्या मनात एकावर एक घरे रचून पाहिली. बर्फ उजेडातला तांबडा रंग शोषून घेतो, म्हणून तो निळा दिसतो. जहाज इथे बराच वेळ थांबते आणि सावकाश गोल वळते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावे. मधेच कड्याचा तुकडा तुटून पाण्यात पडतो. आधी पडलेला दिसतो, आवाज मागून येतो. विजेचं नाही का तसंच असतं! तिथले त्लिंगिट लोक त्या आवाजाला ‘पांढरा गडगडाट’ म्हणतात.

शेजारच्या एका फाट्यात बर्फाच्या तुकड्यांवर सील माशांसारखे पोहणारे पण पिलांना दूध पाजणारे प्राणी असतात. मे ते ऑगस्ट मोठ्या जहाजांना तिकडे बंदी असते. हे बरे केले.

आता हवा तापल्यामुळे अलास्कातल्या बहुतेक हिमनद्या आटत आहेत. मी गुरुजींना विचारले, जहाजाचाही धूर होतो ना? ते म्हणाले, होतो.

मला त्लिंगिट लोकांचे वाईट वाटले. त्यांची गावे या खाडीत होती. सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी बर्फ पुढे सरकत आला आणि त्यांना घरेदारे सोडून पळावे लागले. २०१६ साली खाडीच्या काठी त्यांचे मोठे लाकडी घर पुन्हा उभे राहिले. संध्याकाळी जहाज परत फिरते, तेव्हा रक्षक त्याच बाजूला उतरून जातात.

(इयत्ता ४ थी)