भिंतीवरची भेग कशी वाचायची?

मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याच्या शिवारात जाऊन पाहा. काळ्या रानाला अशा भेगा पडलेल्या असतात की हात कोपरापर्यंत आत जावा. आणि चांगला पाऊस झाल्यावर? भेगा गायब, जणू कुणी रान शिवून टाकलं! आता याच जमिनीवर घर उभं असेल तर?

घराचा पाया तपासणारा जाणकार आधी भिंत वाचतो. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढलेली तिरकी भेग दिसली की तो थबकतो. वर रुंद, खाली निमुळती? मग घराच्या कडा खचल्या असाव्यात. खाली रुंद? बहुधा मधला भाग बसला. जमिनीत गाडलेल्या पायाची हालचाल कुदळ न मारता कळते! मग भेगेवर तो काचेची पट्टी आडवी चिकटवतो, तारीख लिहितो. काच तडकली, तर भेग अजून जिवंत आहे.

पण माती अख्खं घर हलवते कशी? काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतके पातळ. त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की भिजलेल्या वहीसारखी माती फुगते. या खनिजाच्या एका ग्रॅमचे पापुद्रे सुटे करून मोजले, तर त्यांचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ७०० चौरस मीटर. चिमूटभर खनिजात कबड्डीची पाच मैदानं!

याहून नवल म्हणजे, ही चंचल माती जन्मली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या पाषाणातून. तोच पाषाण अर्धवट झिजला की मुरूम होतो, आणि मुरूम फारसा फुगत नाही. जिल्ह्याच्या घाटावरच्या भागात खणताना तो बऱ्याच ठिकाणी लवकर लागतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मात्र काळी माती खोलच खोल.

अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने एक देखणी युक्ती विकसित केली: बुडाशी कांद्यासारखा फुगीर काँक्रीटचा खांब. फुगवट्याचा व्यास खांबाच्या साधारण अडीचपट. तो इतक्या खोल रोवायचा, की जिथे उन्हाळा-पावसाळा पोहोचतच नाही. वरची माती उचलू पाहते, खालचा फुगवटा घट्ट धरून ठेवतो.

जुन्या घराला असा आधार क्वचितच. घात होतो तो ओल सगळीकडे सारखी नसली की. एक कोपरा भिजून फुगतो, दुसऱ्या कोपऱ्याखालचं पाणी कडुलिंबाची मुळं ओढून घेतात. म्हणून जाणकार घराला बाहेरून फेरी मारतो, झाडं भिंतीपासून किती दूर ते पाहतो आणि घरातल्या बाईंना विचारतो, “ताई, न्हाणीचं पाणी कुठं जातं?”