कुरणातली शाळा: अनुताई वाघ यांच्या कार्याचा मागोवा

अनुताई वाघ यांनी ज्या बोर्डी आणि कोसबाद येथे आयुष्याची सत्तेचाळीस वर्षे घालवली, ती दोन्ही गावे 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात मोडतात. परंतु त्यांच्या हयातीत हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्याचाच भाग होता आणि या जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासातून त्यांचे नाव केवळ सीमा बदलल्या म्हणून वगळता येणार नाही.

17 मार्च 1910 रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि सहा महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. घरच्यांच्या पाठिंब्यामुळे त्या व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे जी उत्तीर्ण झाल्यावर प्राथमिक शाळेत नोकरी मिळू शके ती सातव्या इयत्तेची परीक्षा, उत्तीर्ण होऊन शिक्षिका झाल्या. पुढे नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या आणि पदवी तर त्यांनी पन्नाशी उलटल्यावर मिळवली. त्यांच्या चरित्रातील हा तपशील बहुधा जिद्दीचा नमुना म्हणून सांगितला जातो, पण त्याचे महत्त्व निराळेच आहे. जिचे स्वतःचे शिक्षण कधी ठरलेल्या वेळी झाले नाही, तिला शाळेची वेळ आणि शाळेच्या भिंती पवित्र वाटण्याचे कारण नव्हते, आणि त्यांचे पुढील सारे प्रयोग या एका गोष्टीतून उलगडतात.

1945 मध्ये बोरिवली येथे कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. ताराबाई वयाने अठरा वर्षांनी मोठ्या होत्या आणि 1926 मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ स्थापन करून त्यांनी माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्यास आरंभ केला होता. ही पद्धत शहरी, सुखवस्तू घरांपुरती राहू नये म्हणून त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई त्यांच्या साहाय्यक म्हणून तेथे गेल्या. त्याच वर्षी या परिसरात गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव सुरू झाला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबणाऱ्या लग्नगड्याची प्रथा आणि वेठबिगारी ही त्या उठावाची कारणे होत. अशा घरांतील मूल बालवाडीत आपणहून येईल, ही अपेक्षाच चुकीची होती. बोर्डीत दलित वस्तीतील मुले केंद्रात येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाई आणि अनुताईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली; हीच ती अंगणवाडी. मुलांना न्हाऊ घालणे आणि केस विंचरणे हा तेथे अभ्यासाचाच भाग असे. महागडी माँटेसरी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पाने यांवर मोजणी आणि वर्गीकरण शिकवले जाई.

1950च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र डहाणूजवळच्या कोसबादच्या टेकडीवर आले आणि तेथील वारली मुलांनी पुढचा प्रश्न उभा केला. सात-आठ वर्षांचे मूल सकाळी गुरे घेऊन रानात जाई आणि थोरली मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर राखी. यावर निघालेला तोडगा म्हणजे कुरणशाळा: गुरे चरत असतील तेथे शिक्षकाने जायचे, एक डोळा गुरांवर ठेवून मुलांनी शिकायचे. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी राहिली. भावंड पाळण्यात ठेवले की बहीण वर्गात बसायला मोकळी होई. बालमजुरीला हा मूक आधार होता, असा आक्षेप आज कोणी घेऊ शकेल. तो सर्वस्वी निराधार नाही, पण गुरे सोडली तर संध्याकाळची भाकरी कोठून येणार, याचे उत्तर आक्षेपकाने आधी द्यायला हवे.

31 ऑगस्ट 1973 रोजी ताराबाईंचे निधन झाल्यावर कामाची धुरा अनुताईंवर आली. तोवर बोर्डीच्या पहिल्या बालवाडीतील मुलांची पिढी संसाराला लागली होती. स्वतःचे मूलबाळ नसलेल्या या बाईंना आजीपण मिळाले ते असे, विद्यार्थ्यांच्या मुलांकडून. 1980 मध्ये ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र आले आणि 1984 मध्ये पद्मश्री मिळाली. 27 सप्टेंबर 1992 रोजी त्यांचे निधन झाले.

दरम्यान 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. योजनेच्या सहा सेवांत शाळापूर्व शिक्षण ही एक. उरलेल्या पाच आहार, लसीकरण आणि आरोग्याशी निगडित आहेत. कुपोषणाचे प्रमाण पाहता हा क्रम समजण्यासारखा आहे, परंतु कल्याण-डोंबिवलीच्या चाळीतील भाड्याच्या खोलीत मुलांची वजने, नोंदवह्या आणि मोबाईलवरची माहिती भरता भरता सेविकेची सकाळ संपते, तेव्हा बोर्डीच्या अंगणातील शंख-शिंपल्यांना तेथे फारसा वाव उरत नाही.

अनुताईंच्या पद्धतीचा खरा वारसा सरकारी योजनेपेक्षा अन्यत्र शोधावा लागतो. कल्याण, भिवंडी, शहापूर पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह उतरतात आणि गावातील शाळा मुलांच्या मागे सुटते. 1990च्या दशकात विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात अशा मुलांसाठी भट्टीवरच भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीजवळ मजूर राहतात ती खोपटी. या शाळेचे सत्र जूनमध्ये उघडत नसे. ते भट्ट्या पेटल्यावर सुरू होई आणि पावसाच्या तोंडावर कुटुंबे माघारी निघाली की संपे.